परतबघ बाई

विज्ञानाच्या बाईंचं नाव हजेरीपटावर होतं, पगारपत्रकावर होतं, घराच्या दारावरच्या पाटीवरही होतं. पण मुलांच्या तोंडी त्या परतबघ बाई होत्या. मुलगा म्हणायचा, "बाई, लाल झालं." बाई म्हणायच्या, "परत बघ." तो बघायचा आणि म्हणायचा, "गुलाबी झालं." बाई पुन्हा म्हणायच्या, "परत बघ." तिसऱ्या खेपेला बिचारा नळी खिडकीशी नेऊन, मागे पांढरा कागद धरून, एक डोळा मिटून बघायचा आणि कुरकुरत कबूल करायचा, की वर गुलाबी आहे पण तळाशी अजून जांभळंच आहे, कारण नळी हलवायला तो विसरला होता. मग बाई म्हणायच्या, "आता लिही." एवढ्या उलाढालीनंतर वहीत जेमतेम एक ओळ पडायची. शेजारच्या वर्गावरच्या गणिताच्या सरांचा अभ्यासक्रम दर वर्षी दोन महिने आधी संपायचा. ते भिंतीपलीकडून हे सगळं ऐकायचे आणि त्यांना बाईंची मनापासून कीव यायची.

या सवयीचं मूळ एका डागात होतं. बाई नव्या नवरी असताना सासूबाईंच्या पांढऱ्या टेबलक्लॉथला त्यांचा हळदीचा हात लागला. कुणी बघायच्या आत डाग काढावा म्हणून त्यांनी साबण लावला, तर पिवळा डाग लालभडक झाला. सासूबाई धावत आल्या. त्यांना वाटलं सुनेने बोट कापून घेतलं. सून मात्र लिंबू शोधत होती. लिंबू पिळलं की डाग पिवळा, साबण लावला की लाल, असा खेळ तिने चार वेळा करून बघितला, आणि पाचव्या वेळी सासूबाईंना हाक मारून दाखवला. सासूबाईंनी त्याच दिवशी मुलाला बाजूला घेऊन विचारलं, की मुलीच्या घराण्यात कुणाला डोक्याचं काही नव्हतं, याची चौकशी आपण नीट केली होती ना. टेबलक्लॉथ अर्थातच कामातून गेला. बाईंनी तो घडी घालून ठेवला आणि नोकरी लागली त्या वर्षी शाळेत नेला.

शाळेची प्रयोगशाळा म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. दोन खिडक्या, एक सिंक, सहा लांब टेबलं आणि एक कपाट, ज्याची किल्ली हरवल्याला इतकी वर्षं झाली होती की ते आता पाठीमागची फळी सरकवूनच उघडत. लिटमस कागदाची मागणी दर वर्षी जायची. एकदाच पेटी आली, ती ओली होऊन, आणि आतले सगळे कागद एकाच रंगाचे झालेले. तेव्हापासून बाईंनी वर हात जोडले आणि शाळेच्या फाटकाशी, गळक्या नळाखाली वाढलेल्या जास्वंदीकडे मोर्चा वळवला. पाकळ्या गरम पाण्यात भिजवायच्या, जांभळट अर्क गाळून घ्यायचा. आम्लात तो गडद गुलाबी होतो, आम्लारीत हिरवा, आणि जो पदार्थ दोन्ही नाही, त्यात जसाच्या तसा राहतो. घरून हळद, बाजारातून लाल कोबी. लिटमसला वरून मंजुरी लागत होती, जास्वंदीला फक्त गळका नळ.

घोडं अडायचं ते पाण्यापाशी. पुस्तकात स्पष्ट छापलेलं होतं: पाणी, रंग बदलत नाही, उदासीन. शाळेच्या नळाला येणारं पाणी जमिनीतलं, चुनखडीतून झिरपलेलं. त्यात अर्काचे थेंब टाकले की तो हलकासा हिरवट व्हायचा. या पाण्याने पुस्तक वाचलेलं नव्हतं, त्याला कोण काय करणार. दुसऱ्या तुकडीचे सर तरुण आणि व्यवहारी होते. त्यांची मुलं थोरल्या भावंडांच्या जुन्या प्रयोगवह्यांवरून निरीक्षणं आठवडाभर आधीच उतरवून काढायची. मग प्रयोग झाला काय, न झाला काय, सारखंच. परीक्षेत त्यांना पैकीच्या पैकी मिळायचे. बाईंची मुलं 'किंचित हिरवट' लिहायची आणि अर्धा-अर्धा गुण घालवून बसायची. एकदा एक पालक तणतणत आले, "बाई, पाण्याला हिरवं म्हणायला कोण शिकवतं?" बाईंनी त्यांना खिडकीशी नेऊन नळी दाखवली. गृहस्थांनी नीट बघितलं, हिरवं दिसतंय हे मान्य केलं, चमत्कार आहे असंही म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मुलाची तुकडी बदलून घेतली.

घरी यजमान छापखान्यात मुद्रितं तपासायचे. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलेला माणूस. पण त्यांच्या धंद्याचा एक नियम होता, की मूळ प्रतीशी ताडून बघायचं, बाकी डोकं चालवायचं नाही. "मूळ प्रतीत चूक असेल तर?" असं बाईंनी विचारलं की ते चष्मा पुसत म्हणायचे, "तर ती चूक शुद्ध छापायची." बाई त्यांच्यावर चिडायच्या, आणि ते पानाला पान लावून पुढे वाचत राहायचे.

अशी सव्वीस वर्षं गेली, आणि मग सोफा आला.

नवे हेडसर उत्साही होते. पालक आले तर त्यांना बसायला नीट जागा नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती. त्यांनी स्वागतकक्षासाठी तपकिरी रंगाचा पाचजणी सोफा मागवला, आणि तो आल्यावर लक्षात आलं की शाळेत स्वागतकक्षच नाही. सोफा प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट प्रयोगशाळेच्या दाराबाहेर ठेवला गेला. मुलं येता-जाता त्या प्लॅस्टिकवर बोटाने चित्रं काढायची. हेडसर रोज सोफ्याकडे बघायचे, मग दाराकडे.

"बाई, राग मानू नका," ते एक दिवस म्हणाले, "पण आठवड्यातून तीन तास वापरली जाणारी खोली आहे ही. प्रयोग काय, आता पडद्यावरसुद्धा दाखवता येतात. सांडलवंड नाही."

"वापरात असलेली प्रयोगशाळा मोडता येत नाही सर, नियम आहे," बाई म्हणाल्या.

"वापरात आहे असं साहेबांनी लिहिलं पाहिजे ना," हेडसर म्हणाले. "पुढच्या महिन्यात तपासणी आहे. साहेबांनी चांगला शेरा दिला तर खोली तुमची, माझा शब्द. नाही दिला तर सोफा आत." मग जरा घुटमळून म्हणाले, "आणि बाई, एक विनंती. त्या दिवशी पाणी उदासीन निघू द्या."

बाईंनी दोन दिवस विचार केला. त्यांना ती खोली हवी होती. इतकी हवी होती की भाजी चिरतानाही त्यांना सिंकशेजारचा तो सोफा दिसायचा, आणि त्यावर बसून कुणीतरी मुलाच्या गुणांबद्दल बोलत असायचं. तिसऱ्या दिवशी त्यांना पळवाट सापडली. चौकातल्या गॅरेजात मोटारीच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मिळतं. त्यात चुनाही नाही, क्षारही नाही. त्या पाण्यात अर्काचा रंग खरोखरच बदलत नाही. म्हणजे पुस्तकही खरं, साहेबही खूश, आणि आपणही खोटं बोललो नाही. त्यांनी एक कॅन आणला, घरी कपात करून बघितलं, परत बघितलं, आणि त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

रंगीत तालमी तीन झाल्या. सहा नळ्या: लिंबाचा रस, व्हिनेगर, साबणाचं पाणी, चुन्याची निवळी, साखरेचं पाणी आणि शेवटी साधं पाणी, ही दोन्ही कॅनमधल्या पाण्याची. प्रत्येक नळीला एक मूल, प्रत्येकाला एक वाक्य. शेवटची नळी दुसऱ्या बाकावरच्या मुलीला दिली. तिचे वडील घड्याळजी होते आणि तिला बारीक गोष्टी बघायची घरचीच सवय होती. वर्गात सांगावं न लागता नळी खिडकीशी नेणारी ती एकटीच. पहिल्या तालमीत तिने थेंब टाकले, नळी हलवली, खिडकीशी जाऊन बघितलं आणि म्हणाली, "रंग बदलला नाही." दुसऱ्या तालमीत ती खिडकीशी गेली नाही, कारण वेळ लागत होता. तिसऱ्या तालमीत अख्खा वर्ग तिच्याबरोबर म्हणाला, थेंब पडायच्या आधीच, "रंग बदलला नाही. पाणी उदासीन आहे." हेडसर दारात उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. थेंब अजून ड्रॉपरमध्येच होते हे बाईंनी बघितलं, पण वाक्य तर खरंच होतं.

तपासणीच्या दिवशी शाळा ओळखू येईना. पायऱ्या धुतल्या, व्हरांडा धुतला, जास्वंदीची पानंसुद्धा धुतली. शिपाईमामांना हुकूम होता की प्रयोगशाळेतली काच लखलखली पाहिजे. मामा मनापासून काम करणारे. त्यांनी आदल्या संध्याकाळी सगळ्या नळ्या धुण्याच्या सोड्यात भिजवल्या, ब्रशने आतून-बाहेरून घासल्या, आणि खळबळायला नळ सोडला तर टाकी रिकामी. पाणी सगळं पायऱ्यांवर गेलेलं. मामांनी नळ्या फडक्याने बाहेरून पुसल्या, स्टँडमध्ये उलट्या लावल्या आणि दिवा लावून बघितलं. हिऱ्यासारख्या चमकत होत्या. हे सगळं बाईंना नंतर कळलं.

साहेब सव्वाअकराला आले. त्यांना त्या दिवशी आणखी दोन शाळा उरकायच्या होत्या. हातात छापील तक्ता, तक्त्याला क्लिप, आणि खिशात पित्ताच्या गोळ्या, ज्यातली एक त्यांनी बसताबसता तोंडात टाकली. बाईंना फार वाटलं की मुलांना सांगावं, बघा, साहेबांच्या पोटात आत्ता आपलाच प्रयोग चालू आहे. पण हेडसरांकडे बघून त्या गप्प राहिल्या.

लिंबाचा रस गुलाबी झाला. व्हिनेगर गुलाबी. साबण हिरवा, निवळी हिरवी. वाक्यं अचूक पडत होती आणि साहेब तक्त्यात खुणा करत होते. साखरेच्या पाण्याला थेंब पडले आणि नळीत हिरवा रंग उतरला. "रंग बदलला नाही," नळी धरलेल्या मुलाने सांगितलं. "साखरेचं पाणी उदासीन आहे," वर्ग म्हणाला. साहेबांनी खूण केली. बाईंनी हिरवी नळी बघितली आणि थांबवायला हात पुढे केला. पण तोवर घड्याळजींच्या मुलीने ड्रॉपर उचलला होता.

तीन थेंब पडले. वर्ग एकसुरात म्हणाला, "रंग बदलला नाही. पाणी उदासीन आहे." मुलीचा आवाज त्यात नव्हता. तिने नळी हलवली, मग तालमीत ठरलेलं नसताना उठून खिडकीशी गेली, मागे वहीचं कोरं पान धरलं आणि बघत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "हिरवा झाला."

साहेबांनी त्या दिवसात पहिल्यांदा तक्त्यावरून मान वर केली. दारातल्या हेडसरांच्या मागे सोफ्याचं प्लॅस्टिक चमकत होतं.

"परत बघ," बाई म्हणाल्या.

हे शब्द सवयीने निघाले, असं त्यांनी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. सव्वीस वर्षं ज्या शब्दांनी मुलांना नळीकडे पाठवलं तेच हे शब्द, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पण या वेळी बाईंची नजर नळीवर नव्हती, दाराकडे होती. आणि मुलगी हुशार होती. तिने परत बघितलं, पण नळीकडे नाही. बाईंच्या तोंडाकडे बघितलं. चांगलं निरखून, एखादं घड्याळ का थांबलंय हे बघावं तसं.

"नाही बदलला, बाई," ती म्हणाली.

"शाब्बास," साहेब म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झालेला दिसला. "आपली चूक चारचौघांत कबूल करायला धाडस लागतं." त्यांनी तिला नाव विचारलं, पाठीवर थाप मारली आणि शेऱ्यात लिहिलं: प्रयोगशाळेचा वापर उत्तम. विद्यार्थी स्वतः निरीक्षण करतात व चुका स्वतः दुरुस्त करतात.

हेडसर शब्दाला जागले. त्याच दुपारी सोफा प्रयोगशाळेच्या दारातून हलला आणि वाचनालयात गेला. वाचनालयाची दोन कपाटं होती, ती प्रयोगशाळेत आली, कारण प्रयोगशाळा आता कायमची राहणार होती. सगळ्यांनी बाईंचं अभिनंदन केलं. गणिताचे सर म्हणाले, "तुमची मुलं तयार आहेत हो, एका आवाजात बोलतात."

शाळा सुटल्यावर बाई एकट्याच बसल्या. एका कोरड्या नळीत त्यांनी बॅटरीचं पाणी घातलं, हळदीचा कागद बुडवला. कागद लाल झाला, टेबलक्लॉथसारखा. मामा झाडायला आले तेव्हा बाईंनी विचारलं, "मामा, नळ्या कशाने धुतल्या?"

"सोड्याने," मामा म्हणाले, आणि कौतुकाची वाट बघत थांबले. "नुसत्या पाण्याने एवढी चमक येत नाही, बाई."

"छान निघाल्यात," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार. चूक मामांची नव्हती, सोड्याचीही नव्हती. सोड्याने तर त्या खोलीत एकट्याने खरं सांगितलं होतं, आणि त्याच्या बाजूने उभी राहिलेली एक मुलगी बाईंनी स्वतः खाली बसवली होती. त्यांना इतकी लाज वाटली की त्या दिवा न लावताच बसून राहिल्या. घरी यजमानांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "खोली राहिली ना? मग झालं." मग बायकोचं तोंड बघून त्यांनी हातातलं मुद्रित खाली ठेवलं. हे ते सहसा करत नसत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याच वर्गाला प्रयोगशाळेत आणलं. न खळबळलेल्या त्याच नळ्या, तेच पाणी, ताजा अर्क. प्रत्येक टेबलावर एक नळी. थेंब पडले. सगळ्या नळ्या कोवळ्या पानासारख्या हिरव्या झाल्या.

"काय दिसतं?" बाईंनी विचारलं.

चाळीस तोंडं वर झाली. नळीकडे कुणी बघितलं नाही.

"बाई, साहेब येणार आहेत का?" पहिल्या टेबलावरून कुणीतरी चौकशी केली.

"नाही. दिसतं ते लिहा."

"कालचं दिसलेलं की आजचं?" दुसऱ्याने विचारलं. तो खोडसाळपणा करत नव्हता. त्याला खरोखर कळेना, आणि गुण जायला नको होते.

'काल मी चुकले' हे तीन शब्द बाईंनी रात्रभर घोकले होते. ते आता वर्गापुढे म्हणवेनात. काय करावं न सुचून त्या टेबलांमधून चालत खोलीच्या पार मागे गेल्या आणि नव्याने आलेल्या पुस्तकांच्या कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या, म्हणजे त्यांचं तोंड कुणाला दिसणार नाही. "आता बघा," त्या म्हणाल्या. मुलांनी माना वळवल्या आणि मागे बघायला सुरुवात केली.

घड्याळजींच्या मुलीने तेवढं मागे बघितलं नाही. तिने नळी खिडकीशी नेली, बराच वेळ बघितली, बाईंच्या पुढ्यातल्या शेवटच्या टेबलाशी येऊन बसली आणि वही उघडली. बाईंना मागून तिच्या खांद्यावरून सगळं दिसत होतं. तिने निळ्या पेनने, सुवाच्य अक्षरात लिहिलं: निरीक्षण, रंग बदलला नाही. मग कंपास उघडून पेन्सिल काढली, डाव्या हाताने पान झाकलं आणि समासात अगदी बारीक लिहिलं: हिरवा. पेन्सिलीशेजारी खोडरबर काढून ठेवला, लागला तर हाताशी असावा म्हणून.

बाई पुढे झाल्या. त्यांनी वाकून तो खोडरबर उचलला आणि आपल्या पर्समध्ये टाकला.

"काल तुझं बरोबर होतं," त्या म्हणाल्या, पहिल्या टेबलापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "चुकले ती मी."

वर्गात चुळबुळ झाली. मुलीने आधी पर्सकडे बघितलं, मग वहीकडे.

"पण बाई, पेनचं काय करू?" तिने विचारलं. "ते खोडून जात नाही."

बाईंनी वही आपल्याकडे ओढली. पेनची ओळ वाचली, समासातला शब्द वाचला, परत वाचला.

"दोन्ही राहू दे," त्या म्हणाल्या, आणि लाल पेनने दोन्हींच्या खाली, तारीख घालून, आपली सही केली.